मसाई बायका, मुलींची शाळा आणि वन्यजीवांचा पैसा: कुणाच्या हातात काय पडतं?

रानजाई

नमस्कार मंडळी,

येत्या ऑगस्टमध्ये आम्ही मैत्रिणी केनियाला निघालोय, अंबोसेली आणि मसाई मारा बघायला. प्रवासखर्चातून थोडी रक्कम बाजूला काढून तिथल्या मुलींच्या शिक्षणाला द्यायची असं ठरलंय. रक्कम फार मोठी नाही, पण प्रत्येकीच्या कष्टाची आहे. ती योग्य जागी पडावी, एवढीच तळमळ.

शोधाशोध करायला लागले तर लक्षात आलं की तिथे मुलींची शाळा, बायकांची कमाई आणि वन्यप्राणी हे विषय वेगळे काढताच येत नाहीत. अंबोसेलीचं राष्ट्रीय उद्यान जेमतेम ३९२ चौरस किलोमीटर. हत्ती-सिंहांचं तेवढ्यात भागत नाही, वर्षातला बराच काळ ते उद्यानाबाहेर मसाई या पशुपालक जमातीच्या सामायिक कुरणांवर असतात. म्हणजे प्राणी जगायचे तर या माणसांच्या राजीखुशीनेच जगणार. त्यातल्या बायका पाण्याला, सरपणाला रोज त्याच रानातून जातात. तरी वर्षानुवर्षं संवर्धनाच्या बैठकीला पुरुष, नोकरीला पुरुष, भरपाई घ्यायलाही पुरुष.

२०१९ मध्ये ओल्गुलुलुई भागात आयफॉ या प्राणिकल्याण संस्थेच्या मदतीने ८ मसाई तरुणींचं गस्तीपथक उभं राहिलं, 'टीम लायनेस'. त्यांच्याबद्दल वाचून फार बरं वाटलं.

माझं मत असं: जंगलाचा पैसा बाईच्या हातात, तिच्या स्वतःच्या नावाने पडला तर मुलीची शाळा टिकते. इमारती, फलक, फोटो हे सगळं त्यानंतर. पटतं का? जे तिथे राहिलेत किंवा काम केलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ओवी

वाचतेय. चांगला विषय काढलास गं.

नैरोबीकर

रानजाई ताई, मी बरीच वर्षं इथे आहे. बोअरवेलवर सोलर पंप बसवण्याच्या कामामुळे कजियाडो काउंटीत सारखं जाणं होतं, अंबोसेलीच्या बाजूलाही.

महिला रेंजरचं काम जवळून पाहिलंय ते सांगतो. बोअरवेलवर सकाळी बायकांची गर्दी असते. पिवळे वीस लिटरचे कॅन रांगेत लावलेले, कुणी गाढवावर लादतंय, कुणी पट्टा कपाळावर घेऊन कॅन पाठीवर चढवतंय. एक रेंजर मुलगी गणवेशात आली, बूट धुळीने माखलेले. आल्या आल्या तिने एका आजींचा कॅन उचलून दिला आणि तिथेच बसून गप्पा सुरू केल्या. दहा मिनिटांत तिला कळलं की पहाटे कोरड्या ओढ्यात सिंहिणीचे ठसे दिसलेत, आणि एका घरची शेळी रात्रीपासून परतली नाही. तिने वही काढली, जागा लिहून घेतली, जीपीएसवर नोंद केली, वायरलेसवर कळवलं. तिच्याबरोबरचा पुरुष रेंजर मला म्हणाला, मी विचारलं असतं तर या बायका नुसत्या हसल्या असत्या.

एक लक्षात घ्या, हे समुदायाचे रेंजर बिनहत्यारी असतात. शिकारी दिसले तर केनिया वन्यजीव सेवेच्या सशस्त्र पथकाला बोलावतात. त्यांचं खरं हत्यार म्हणजे लोकांनी सांगितलेली माहिती, आणि निम्मी माहिती बायकांकडे असते.

२०२० मध्ये करोनामुळे पर्यटन बसलं तेव्हा रेंजरांच्या रजा रद्द झाल्या. या मुली काही महिने घरी न जाता तळावरच राहिल्या. कुणाची लहान मुलं घरी होती. अनेकींच्या घरात पगाराची नोकरी करणारी ती पहिलीच बाई. त्या पगारावर किती जणांच्या फिया भरल्या जातात ते बघाल तर तुमचं म्हणणं पटेल.

टेकडीवरचा

मसाई घरं बायकाच बांधतात असं वाचलंय. काठ्या, माती, शेण, सगळं त्यांच्याच हातचं. म्हणजे नवरा-बायकोचं भांडण झालं तर "माझ्या घरातून नीघ" हे कोण म्हणणार ते आधीच ठरलेलं! :)

मृण्मयी_के

@टेकडीवरचा, घर ती बांधते हे खरं. पण घराखालची जमीन कुणाची, इथून पुढे गोष्ट गंभीर होते, आणि रानजाईच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतं. मी स्त्रिया आणि जमिनीचे हक्क या विषयावर काम करते, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते.

मसाई माराचं राखीव क्षेत्र सुमारे १,५१० चौरस किलोमीटर. त्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला पूर्वी 'ग्रुप रँच' होत्या. १९६८ च्या कायद्याने मसाईंची सामायिक कुरणं या गटांच्या नावे नोंदली गेली. सभासदांच्या यादीत नावं बहुतेक घरच्या कर्त्या पुरुषांची. पुढे माराजवळच्या गटांनी जमिनीची वाटणी केली आणि तुकडे सभासदांच्या नावे झाले. यादीत नाव नाही तर तुकडा नाही. बायका तिथेच गळल्या, वाचल्या त्या मुख्यतः काही विधवा.

मग कन्झर्व्हन्सी आल्या. ओल किन्येई, मारा नॉर्थ, नाबोइशो वगैरे. शेजारचे जमीनमालक आपले तुकडे एकत्र करून भाड्याने देतात, पर्यटन कॅम्पवाले त्याचं ठरलेलं भाडं भरतात, बदल्यात त्या जमिनीवर कुंपण घालायचं नाही, वस्ती करायची नाही आणि ठरलेल्या नियमांनीच गुरं चारायची. वन्यजीवांसाठी ही व्यवस्था चांगली ठरली. सिंह वाढले, गुरांनाही शिस्तीने गवत मिळालं. पण भाडं जातं ज्याच्या नावावर सातबारा, त्याच्या खात्यात. (सातबारा हा आपला शब्द, पण कल्पना आली असेल.) नवरा समंजस असेल तर फी भरली जाते. नसेल तर बायकोला भाडं आल्याचंही कळत नाही. आणि सरपणाला जी जागा बंद झाली, तिचा वळसा मात्र बाईच्याच पायांना.

म्हणून "कन्झर्व्हन्सीमुळे समाजाला इतकं उत्पन्न" असं वाक्य वाचलं की मी पहिलं विचारते, खातं कुणाचं?

२०१६ च्या सामुदायिक जमीन कायद्याने चित्र बदलायला वाव दिलाय. ग्रुप रँचच्या जागी सामुदायिक जमीन म्हणून नोंदणी करायची आणि समाजातल्या सगळ्या प्रौढांना सभासद धरायचं, बायकांनासुद्धा. अंबोसेलीच्या भागात हा बदल महत्त्वाचा. तिथे वाटणी करताना यादीत बायकांची नावं आली नाहीत, तर माराची गोष्ट पुन्हा घडेल.

रानजाई

मृण्मयी, तू लिहिलेलं मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलंय. "खातं कुणाचं" हा प्रश्न आता आमच्या यादीत सगळ्यात वर.

आबासाहेब

सर्वांचे प्रतिसाद वाचले. माझे मत थोडे निराळे आहे, स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

संवर्धनाने मसाई स्त्रियांचे सक्षमीकरण, हे ऐकायला गोड आहे. पण मसाईंची जमीन गेली कशाने? संवर्धनानेच. १९५९ मध्ये शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून त्यांना बाहेर काढले आणि ङोरोङोरोत राहण्याची हमी दिली. आज ङोरोङोरोतूनही त्यांनी दूर हांडेनीकडे म्सोमेरा येथे जावे असे प्रयत्न चालू आहेत. २०२२ च्या जूनमध्ये तिथल्याच लोलिओंडोत १,५०० चौरस किलोमीटर कुरणाभोवती हद्दीचे खांब रोवले गेले, तेव्हा लोक जखमी झाले, कित्येक सीमा ओलांडून केनियात पळाले. ज्या घराची कुरणेच गेली, त्या घरच्या मुलीला शिष्यवृत्ती देऊन काय साधणार? आधी घ्यायचे आणि मग त्यातले चिमूटभर परत देऊन फोटो काढायचे, हे मला रुचत नाही.

शिवाय हे लोक शतकानुशतके सिंहांच्या शेजारी राहत आले. बाहेरच्यांनी त्यांना शिकवावे असे काय आहे?

नैरोबीकर

आबा, टांझानियाबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरंच आहे, आणि इकडे केनियातले मसाईसुद्धा त्यावर तळमळून बोलतात. पण त्याच लोलिओंडोत तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर आहे. १९९७ मध्ये मांडा ङोइटिको आणि तिच्या सोबतिणींनी पास्टोरल विमेन्स कौन्सिल उभी केली. स्थानिक मसाई बायकांची संघटना. बचतगट, बायकांच्या नावे गाई, मुलींच्या फिया, पुढे एमान्याटा माध्यमिक शाळा. गावोगावी बायकांचे मंच, तिथे जमिनीचा कायदा समजावून सांगतात. टांझानियाच्या १९९९ च्या ग्रामजमीन कायद्याने बाईला जमिनीवर पुरुषाइतकाच हक्क दिलाय, तो कागदावरून उतरवून घ्यायचं काम या बायका करतात.

आणि २०१० मध्ये कुरणं जाणार म्हटल्यावर लोलिओंडोच्या बायका मोठ्या संख्येने जमल्या आणि सत्ताधारी पक्षाची सभासदत्वाची कार्डं परत करायला निघाल्या. पुरुषांच्या आधी. म्हणजे शिक्षण आणि संघटन मिळाल्यावर याच बायकांनी जमिनीसाठी आवाज उठवला. शिष्यवृत्ती आणि कुरण हे एकमेकांच्या विरुद्ध नाहीत हो आबा.

मृण्मयी_के

+१. आणि "बाहेरच्यांनी शिकवावं" याबद्दल आणखी एक. उत्तर केनियातले सांबुरू हे मसाईंचेच भाऊबंद, माआ भाषा बोलणारे. तिथे शिवानी भल्ला यांची 'एवासो लायन्स' ही संस्था २००७ पासून काम करतेय. भल्ला या केनियातच पिढ्यानपिढ्या राहिलेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबातल्या. सुरुवातीला त्यांचं काम मुख्यतः तरुण योद्ध्यांबरोबर होतं. २०१३ च्या सुमारास बायकाच पुढे आल्या. रानात रोज आम्ही जातो, प्राणी आम्हाला दिसतात, मग आम्ही या कामात का नाही? आणि बदल्यात मागितलं काय, तर लिहायला-वाचायला शिकवा. त्यातून 'मामा सिंबा' कार्यक्रम उभा राहिला. मोठ्या वयाच्या, नातवंडं असलेल्या बायका अक्षरं गिरवू लागल्या, स्वतःचं नाव लिहू लागल्या, प्राण्यांच्या नोंदी देऊ लागल्या.

मागणी आतून आली. आबा, मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

आबासाहेब

दोघांचे म्हणणे वाचले. मागणी त्यांची असेल तर माझा विरोध नाही. जमिनीचा प्रश्न मात्र कुणी बाजूला सारू नये, एवढाच आग्रह कायम ठेवतो.

शाळामास्तर

मी नंदुरबारकडे आश्रमशाळेत शिक्षक आहे. तिथल्या शाळांचं कसं असतं? मुली निवासी शाळेत राहतात का? आमच्याकडे कामासाठी कुटुंब स्थलांतर करतं तेव्हा मुलीची शाळा पहिली सुटते, म्हणून विचारतो.

नैरोबीकर

सर, तिथेही अगदी तेच. दुष्काळ पडला की पुरुष आणि मोठी मुलं गुरं घेऊन लांब जातात, बायका-लेकरं मागे राहतात किंवा पाठोपाठ निघतात. २०२२ च्या दुष्काळात अंबोसेली भागात गुरं आणि झेब्रे-विल्डबीस्ट शेजारी शेजारी मरून पडलेली पाहिली आहेत. गाई मेल्या की घरातला पैसा संपतो, आणि मग मुलीच्या लग्नाचं बघतात, कारण लग्नात गाई मिळतात.

केनियात २००३ पासून प्राथमिक शिक्षण मोफत आहे, २००८ पासून दिवसाच्या माध्यमिक शाळांची शिकवणी फीसुद्धा सरकार भरतं. पण मसाई भागात माध्यमिक शाळा लांब. वाटेत हत्ती. सकाळी हत्ती पांगेपर्यंत मुलं निघू शकत नाहीत, संध्याकाळी अंधारायच्या आत परतायचं, म्हणजे शाळेला उरतं काय? म्हणून मुलींसाठी निवासी शाळा. तिथला खर्च मात्र आईबापांवर. वसतिगृहाची फी, गादी, पत्र्याची पेटी, गणवेश.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर मोकळेपणी बोललं जात नाही. मुलींचा खतना केनियात २०११ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण काही भागांत तो अजून होतो, आणि धोका सगळ्यात जास्त नोव्हेंबर-डिसेंबरच्या मोठ्या सुट्टीत, मुली घरी असतात तेव्हा. खतना झाला की पाठोपाठ लग्न. काही शाळा सुट्टीतही मुलींना ठेवून घेतात ते यासाठी.

शाळामास्तर

धन्यवाद. निवासी शाळा मुलीला वाचवते हे मी रोज पाहतो. तिची घरची भाषा आणि रान तिच्यापासून लांब जातं, हेही पाहतो. म्हणून शिकलेल्या मुलीला परत त्याच रानात मानाची नोकरी मिळणं फार मोलाचं. नाहीतर शिकली की शहर, एवढीच वाट उरते.

ओवी

मास्तर, अगदी मनातलं बोललात.

कॅमेरावाला

धाग्याला थोडं वळण देतो. सिंथिया मॉस यांनी १९७२ मध्ये अंबोसेलीत हत्तींचा अभ्यास सुरू केला, तो अजून चालू आहे. त्या पथकात सोइला सायालेल आणि कातितो सायालेल या मसाई बायका दशकानुदशकं काम करताहेत. हत्ती ओळखायचे कानाच्या कडांवरून: कुठे खाच, कुठे भोक, कुठे फाटलेलं. जोडीला सुळ्यांचा आकार. कळपातली कोण कुणाची मावशी, कोण कुणाची नात, हे त्या गाडीतून नुसतं बघून सांगतात. शेकडो हत्ती तोंडपाठ. जगभरचे शास्त्रज्ञ ज्या माहितीवर निबंध लिहितात, ती गोळा करणाऱ्यांत या दोघी आहेत. एखाद्या मसाई मुलीला "शिकून पुढे काय?" असं कुणी विचारलं, तर बोट दाखवायला या बायका आहेत.

मारात कोइयाकी इथे २००५ मध्ये गाइड प्रशिक्षण शाळा सुरू झाली, तिथूनही मसाई मुली गाइड होऊन बाहेर पडल्या. सफारी गाइडचं काम तोवर जवळजवळ पुरुषांचंच होतं.

सागरगोटा

गाइडवरून आठवलं. आमच्या वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका कांदळवन सफारी चालवतात. होडी त्याच वल्हवतात, झाडं-पक्षी त्याच दाखवतात. सुरुवातीला लोक विचारायचे, बायका होडी चालवणार? आता लोक मुद्दाम त्यांच्यासाठी येतात. कांदळवन तोडू नका हे सांगायला मग वेगळा फलक लावावा लागत नाही, कारण ते त्यांचं पोट आहे.

पोळपाट

अवांतर प्रश्न, माफ करा. आम्हीही पुढच्या वर्षी जायचं म्हणतोय. शाकाहारी जेवणाचे हाल होतात का हो तिथे?

नैरोबीकर

@पोळपाट, अजिबात नाही. चपाती हे केनियाचं घरचं जेवण झालंय, आपल्याच लोकांनी नेलेली. उगालीबरोबर (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) सुकुमा विकी म्हणून पालेभाजी मिळते. बहुतेक सगळ्या लॉजवर डाळ-भाजी असते, आधी कळवून ठेवा म्हणजे झालं. लोणचं मात्र बरोबर आणा आणि अर्धं मला द्या. :)

बाभूळबन

मी गवतावर बोलतो, कारण इथे कुणी गवताचं नाव काढलं नाही आणि मसाईंचं सगळं गवतावर उभं आहे.

मी सोलापूरकडचा, चारा पिकं आणि कुरण विकास हे माझं काम. अंबोसेली आणि त्सावो या दोन उद्यानांच्या मधल्या पट्ट्यात, कुकू वगैरे भागात, उघड्या पडलेल्या जमिनीवर अर्धचंद्राकृती चर खणतात. उताराला आडवे. खणलेली माती खालच्या बाजूला बांधासारखी लावायची. पाऊस आला की वाहून जाणारं पाणी त्या खोलगट भागात थांबतं, मुरतं, आणि मातीत दडलेलं किंवा पेरलेलं बी उगवतं. जस्टडिगिट नावाची संस्था आणि स्थानिक मसाई ट्रस्ट मिळून हे करतात. लाल उजाड माळावर हिरव्या चंद्रकोरी उमटलेल्या वरून काढलेले फोटो जरूर बघा.

पण मला त्याहून आवडलेलं काम म्हणजे बायकांच्या गवत बियाणे बँका. बायकांचा गट थोडी जमीन घेतो, तिला कुंपण घालतो, गुरांपासून राखतो. गवत वाढलं की बी हाताने ओरबाडून गोळा करायचं, वाळवायचं, पाखडायचं, विकायचं. उरलेलं गवत कापून पेंढ्या बांधायच्या आणि कोरड्या महिन्यांत चारा म्हणून विकायच्या. म्हणजे एकाच तुकड्यातून दोनदा पैसा, आणि दोन्ही वेळा बायकांच्या गटाला. त्यातून घरखर्च, फी. नवऱ्याच्या गाईला चारा हवा असेल तर तोही बायकोच्या गटाकडून. मृण्मयी ताईंच्या "खातं कुणाचं" या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर मला दुसरं दिसलं नाही.

त्या भागात कुरणं पुन्हा उभी करायला जी गवतं वापरतात, त्यांत सेंक्रस सिलिअॅरिस आहे. म्हणजे आपलं अंजन गवत! आपल्या कोरडवाहू भागातल्या कुरणांवर आम्ही तेच पेरतो. अवर्षण सोसतं, मुळं खोल जातात, गुरं आवडीने खातात. बी फार हलकं आणि केसाळ, वाऱ्यावर उडतं, एकमेकांना चिकटतं, पेरताना ओल्या मातीत मिसळून गोळ्या केल्या तर सोपं जातं. पाखडताना जी कसोटी लागते ती मला ठाऊक आहे. त्या बायकांना माझा दुरून नमस्कार.

मृण्मयी_के

बाभूळबन दादा, सुरेख लिहिलंत. गवत वाढलं की रानातल्या प्राण्यांनाही ते मिळतं, म्हणजे हे संवर्धनच, नाव काही द्या.

असंच दुसरं उदाहरण टांझानियातल्या सिमांजिरो भागातलं. तिथे मसाई बायकांचे गट झाडांवर पेट्या टांगून मध काढतात. पेटी टांगलेलं झाड कुणी तोडत नाही.

टेकडीवरचा

मधमाश्यांची राखण असलेलं झाड तोडायला जाणारा शूर आमच्या तरी पाहण्यात नाही.

विदर्भकन्या

सगळे चांगलं लिहिताहेत, पण एक बाजू राहतेय. मी ताडोबाच्या बफरमधल्या गावची. वाघाने गाय मारली की घरात काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून विचारते. २०२३ च्या मे महिन्यात अंबोसेलीच्या आसपास आठवडाभरात दहा सिंह मारले गेले. एकट्या म्बिरिकानीत सहा, कारण त्यांनी ११ शेळ्या आणि एक कुत्रा मारला होता. आणि लूनकीटो नावाचा एकोणीस वर्षांचा म्हातारा सिंह भुकेने गावात शिरला आणि भाल्याने मेला. बातम्या सगळ्या सिंहांच्या. त्या शेळ्या कुणाच्या होत्या? दूध कोण काढत होतं? त्या घरच्या बाईला कुणी विचारलं?

नैरोबीकर

ताई, तुम्ही मर्मावर बोट ठेवलंत. मसाई घरात गाई नवऱ्याच्या, पण प्रत्येक बायकोला दुभत्या गाई नेमून दिलेल्या असतात. दूध काढणं, मुलांना देणं, उरलेलं विकणं हे तिच्या हातात. गाय विकायची की नाही हे त्याच्या हातात. गाय सिंहाने मारली की बाईचं रोजचं दूध जातं, आणि भरपाई आली तर मालक म्हणून त्याच्याकडे येते. म्बिरिकानीत २००३ पासून भरपाईची योजना आहे आणि तिने सिंह वाचले, त्याबद्दल वाद नाही. पण दूध गेलेल्या बाईचा हिशेब कुठल्याच योजनेत नीट मांडलेला मी पाहिला नाही.

'लायन गार्डियन्स'चं काम २००७ मध्ये सुरू झालं. सिंह मारून नाव कमावणाऱ्या तरुणांनाच सिंहांचे राखणदार केलं. पुष्कळ जण शाळेत गेलेले नव्हते, नोंदी करण्यासाठी ते लिहा-वाचायला शिकले. फार मोठं काम. तेच अक्षर आता बायकांपर्यंत यायला हवं.

विदर्भकन्या

धन्यवाद दादा. आमच्याकडे ताडोबात मुली गाइड झाल्या, जिप्सी चालवायला लागल्या, तेव्हापासून गावच्या बैठकीत त्यांच्या आया बोलायला लागल्या. आधी मागे बसायच्या. त्यामुळे महिला रेंजरचं महत्त्व मला पूर्ण पटतं. फक्त मोजक्या जणींच्या नोकरीवर बाकीच्या हजारो जणींचं दूध विसरलं जाऊ नये.

रानजाई

विदर्भकन्या, या बाजूने मी विचारच केला नव्हता. मनापासून आभार.

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे येते, तिकिटं काढून झालीत. मैत्रिणींशी बोलून असं ठरतंय: निम्मी रक्कम एखाद्या मुलीच्या माध्यमिक वसतिगृह फीसाठी, तिची शाळा संपेपर्यंत पुरेल अशी थोडी थोडी दरवर्षी पाठवायची. निम्मी बायकांच्या गवत बियाणे गटाला. मण्यांचे दागिने घ्यायचे ते बायकांच्या गटाकडूनच, घासाघीस न करता. चूक वाटत असेल तर आत्ताच सांगा.

मृण्मयी_के

मला पटलं. दोन गोष्टी. पैसे शाळेच्या किंवा संस्थेच्या खात्यात द्या, पावती घ्या, रस्त्यात भेटलेल्या कुणाच्या हातात नको. आणि एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरवर्षीचं तू म्हणतेस ते उत्तम. पहिल्या वर्षाची फी भरली तरी मुली पुढे गळू शकतात. अंबोसेलीच्या हत्ती ट्रस्टची स्थानिक मसाई विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आहे, तिथे विचारून बघ.

आबासाहेब

रानजाई, निर्णय उत्तम. माझ्याकडूनही थोडी रक्कम गवताच्या गटासाठी घ्यावी. निरोप पाठवला आहे.

कॅमेरावाला

मण्यांवरून एक. मॅन्याटा, म्हणजे मसाईंची वस्ती, बघायला नेतात तेव्हा प्रवेशाचे पैसे बहुधा दाराशीच कुणीतरी पुरुष गोळा करतो, ड्रायव्हरचंही त्यात काही असतं. आमच्या वेळी आत नाचणाऱ्या बायकांना त्यातलं किती मिळालं, हे विचारल्यावर कुणी उत्तर दिलं नाही. म्हणून माळ घेताना जिने ओवली तिच्याच हातात पैसे द्या. कुठला रंग कधी घालायचा ते विचारा, फार आनंदाने सांगतात.

रानजाई

नक्की. आबा, निरोप मिळाला, खूप खूप आभार. नैरोबीकर दादा, मारात महिला गाइड हवी असेल तर काय करायचं? आमच्या टूरवाल्याने "बघू" म्हटलंय.

नैरोबीकर

"बघू" वर सोडू नका. कॅम्पला थेट ईमेल करा आणि मसाई महिला गाइडच हवी असं आत्ताच लिहा, ऑगस्टला गर्दी असते आणि त्या मोजक्याच आहेत. पाहुण्यांकडून मागणी लेखी आली की कॅम्पवाले पुढच्या भरतीला मुली घेतात. तुमच्यानंतर येणाऱ्या सगळ्या मराठी गटांना हेच करायला सांगा. आणि नैरोबीत उतरलात की कळवा, महाराष्ट्र मंडळाच्या लोकांशी गाठ घालून देतो. त्यांच्यापैकी काही जण कजियाडोतल्या शाळांना मदत करतात, वसतिगृहाचं त्यांना विचारता येईल.

पोळपाट

लोणचं कुठलं आणू, कैरीचं की लिंबाचं?

नैरोबीकर

कैरीचं!